पाणी गोडं असलं म्हणून धरण निर्धास्त नसतं

प्रश्न असा आहे: नाशिकच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या दगडी धरणावर नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंता विचारतात, की गॅलरीत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या पाहणीच्या बोगद्यात, भिंतींवर पांढरे थर चढलेत आणि छताला बोटाएवढे सुळके लोंबताहेत. जलाशयाच्या पाण्याचा नमुना तपासून घेतला तर रिपोर्ट ‘पिण्यास योग्य’ असा आला. मग पाण्यापासून बांधकामाला धोका नाही असं समजायचं का? गावकऱ्यांचं म्हणणं, द्राक्षबागांच्या फवारण्या पाण्यात उतरून धरण खाताहेत. आणि दगडी भागाला लागून मातीचा भराव आहे, त्याचाही पाण्याच्या रसायनाशी काही संबंध असतो का?

आधी तो रिपोर्ट बाजूला ठेवा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक माणसाच्या पोटासाठी लिहिलेलं आहे. त्यात एकूण क्षार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चालतात, कठीणपणा २०० पर्यंत चालतो, म्हणजे मर्यादा आहे ती वरची. क्षार कमीत कमी किती असावेत याबद्दल ते मानक बोलत नाही, कारण क्षार कमी असल्याने पिणाऱ्याचं काही बिघडत नाही. दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांचं, म्हणजे दर्जांचं, मात्र तिथेच बिघडतं. ब्रह्मगिरीच्या किंवा इगतपुरीच्या डोंगरावरून जुलै-ऑगस्टमध्ये उतरणारं पाणी जवळजवळ पावसाचंच असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून निव्वळ पावसाच्या पाण्याचा पीएच साडेपाचच्या आसपास येतो. काळ्या खडकावरून वाहताना त्यात थोडा कॅल्शियम, थोडा मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट मिसळतं, पण मुक्काम फार कमी, त्यामुळे पाणी अर्धपोटीच जलाशयात येतं. अशा पाण्याला चुना हवा असतो, आणि तो त्याला तुमच्या धरणात सापडतो.

सिमेंट पाण्याशी संयोग पावलं की त्यातून मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. चुना-सुरखीच्या (सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड) जुन्या बांधकामात तर चुना हाच बांधणारा घटक. हा चुना लिटरभर पाण्यात साधारण दीड ग्रॅमपेक्षा थोडा जास्त विरघळतो. आकडा छोटा वाटतो, पण पाणी थांबलेलं नसतं, वाहत असतं. सांध्यातून, भेगेतून, दर्जांच्या पोकळीतून ते पुढे सरकतं, चुना घेतं आणि गॅलरीत बाहेर पडतं. तिथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन चिकटतं. तुमचे पांढरे थर आणि सुळके ते हेच. सुळका हा धरणाच्या पोटातून निघालेला माल आहे, आणि जो सुळका दिसतो तो निघालेल्या मालाचा लहानसा हिस्सा. बाकीचा गटारीतून नदीत गेला.

थर दिसला म्हणजे धरण गेलंच, असंही नाही. बारीक भेगेत कार्बोनेट बसून भेग आपोआप बुजते आणि गळती थांबते, हेही तितकंच खरं. प्रश्न एवढाच की तुमच्याकडे काय चाललंय, बुजणं की झिजणं? त्याचं उत्तर जलाशयाच्या एकट्या रिपोर्टमध्ये नसतं. आत जाणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी यांच्यात जो फरक आहे त्यात असतं, आणि तोही एकदा मोजून कळत नाही.

आकडेमोड करून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. जलाशयाच्या पाण्यात कॅल्शियमचा कठीणपणा ४०, आणि एका खंडातल्या, म्हणजे धरणाच्या लांबीतल्या एका तुकड्यातल्या, ड्रेन होलमधून (आत मुरलेलं पाणी गॅलरीत काढून देणाऱ्या उभ्या छिद्रातून) येणाऱ्या पाण्यात ८५. प्रयोगशाळा हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने देते. फरक ४५, त्याला ०.५६ ने गुणलं की चुन्याच्या रूपात लिटरमागे सुमारे २५ मिलिग्रॅम. व्ही-नॉचवर, म्हणजे गळती मोजायच्या V आकाराच्या खाचेवर, गळती सेकंदाला २ लिटर. दिवसाला १,७२,८०० लिटर, म्हणजे रोज सव्वाचार किलोच्या वर चुना, वर्षाला दीड टनाहून जास्त. अर्थात गळती वर्षभर सारखी नसते, पातळी उतरली की कमी होते, म्हणून हा हिशेब महिन्यामहिन्याने करायचा आणि मग बेरीज घ्यायची. तो दीड टन अख्ख्या धरणातून जात असेल तर काळजीची तीव्रता वेगळी. एकाच खंडातल्या दोन-तीन मीटर पट्ट्यातून जात असेल तर वेगळी. म्हणून गळती एकत्रित न मोजता खंडवार मोजा. सगळी गटार शेवटी एका नॉचवर आणून एकच आकडा लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यातून धरणाबद्दल फारसं काही कळत नाही.

यात एक मेख आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम बांधकामातूनच आलं असं कशावरून? पायाच्या खडकातून फिरून आलेलं पाणीही कॅल्शियम घेऊन येतं. इथे मॅग्नेशियमकडे बघायचं. आपल्या बेसॉल्टमधून, म्हणजे काळ्या खडकातून, आलेल्या पाण्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटही वाढलेलं असतं, आणि पीएच साडेसात-आठच्या घरात राहतो. सिमेंट किंवा चुन्यातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम वाढतं, पीएच अकरा-बारापर्यंत चढतो आणि मॅग्नेशियम जवळपास नाहीसं होतं, कारण इतक्या अल्कधर्मी पाण्यात ते हायड्रॉक्साइड होऊन वाटेतच खाली बसतं. प्रयोगशाळेला अल्कधर्मिता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, दोन टप्प्यांत द्यायला सांगा, फिनॉल्फथॅलीनची वेगळी आणि एकूण वेगळी. पहिलीची दुप्पट दुसरीपेक्षा जास्त भरली तर पाण्यात मोकळा हायड्रॉक्साइड आहे, म्हणजे वाट ताज्या चुन्यातून जाते आहे. हे दोन आकडे छापील तक्त्यात नसतात, मागून घ्यावे लागतात.

पीएचबाबत एक गैरसमज फार वेळा पाहिलाय. गेल्या काही वर्षांत एका ड्रेनचा पीएच साडेअकरावरून साडेआठवर आला, तेव्हा निरीक्षण अहवालात ‘सुधारणा’ असा शेरा पडतो. गळती तेवढीच असताना पीएच उतरला, तर त्याचा अर्थ बहुधा उलटा असतो: त्या वाटेवरचा चुना संपत आलाय, पाण्याला घ्यायला काही उरलं नाही. गळतीही त्याच बरोबर घटली असेल तरच बुजण्याची शक्यता धरा. ग्राउटिंग (भेगांत दाबाने सिमेंटचा पातळ लगदा भरणं) झाल्यावर काही महिने पीएच बारावर जाणार, ते ताज्या सिमेंटमुळे. त्याने घाबरून जायचं कारण नाही.

आता नमुना घेण्याबद्दल, कारण बहुतेक हिशेब इथेच फसतात. गॅलरीच्या गटारीतून डबा बुडवून नमुना घेऊ नका. ते पाणी तासभर हवेत फिरून आलेलं असतं, त्यातलं निम्मं कॅल्शियम गटारीच्या तळाला चिकटून गेलेलं असतं. ड्रेन होलच्या तोंडात प्लास्टिकची नळी सरकवा, थोडं पाणी वाहून जाऊ द्या, मग बाटली काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. पीएच, तापमान आणि विद्युतवाहकता (तिच्यावरून पाण्यातले क्षार कळतात) तिथेच, बॅटरीच्या उजेडात मोजा. बाटली जीपमध्ये गोणपाटात गुंडाळून दुसऱ्या दिवशी लॅबला पोचते तोवर पीएच बारावरून दहावर आलेला असतो आणि बाटलीच्या आतल्या अंगाला पांढरी साय धरलेली असते. ती साय म्हणजेच तुम्हाला मोजायचं होतं ते कॅल्शियम. म्हणून कॅल्शियमसाठी दुसरी बाटली घ्या, तीत जागेवरच नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून घ्या आणि तसं लेबलवर लिहा. जलाशयाचा नमुना काठावरून न घेता विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, पातळीवरून घ्या. उन्हाळ्यात शेवाळ वाढलेलं असेल तर वरच्या पाण्याचा पीएच दुपारी नऊपर्यंत जातो आणि पहाटे उतरतो, म्हणून वेळही टिपा.

सुळके कधी तोडून बघितलेत का? एक तुकडा घ्या, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट, नेहमीचं प्रकरण. पण भेगेतून गोंदासारखा, अर्धपारदर्शक, बोटाला चिकटणारा पदार्थ येत असेल, वाळला की पांढरा कडक होत असेल आणि ताज्या गोंदावर आम्ल नीट फसफसत नसेल, तर थांबा. ती सिलिकाची जेल असू शकते, आणि ते दुखणं वेगळं आहे. सिमेंटमधला अल्कली आणि खडीतला अस्फटिक सिलिका यांच्यात संयोग होतो, जेल पाणी शोषून फुगते आणि काँक्रीट आतून ताणलं जातं. १९४० मध्ये कॅलिफोर्नियात टॉमस स्टँटन यांनी हे पहिल्यांदा मांडलं. आपल्या देशात रिहंद आणि हिराकुड या धरणांवर त्याची नोंद आहे. पृष्ठभागावर जाळीसारखे तडे, दरवाजे घासून चालणं, खांबांमधलं अंतर कमी होणं ही लक्षणं. पाण्याची भूमिका इथे ओलावा पुरवण्याची, बाकी सगळं साहित्य बांधकामातच असतं. नाशिक पट्ट्यातल्या पोकळ्यांच्या बेसॉल्टमध्ये कॅल्सेडनी आणि ओपल हे सिलिकाचेच प्रकार भरलेले आढळतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा चक्कर मारा, आपल्या खडकाच्या पोटात काय काय असतं ते दिसेल. देखणे असतात, खडी म्हणून वापरण्याआधी मात्र त्यांची तपासणी झालेली बरी. तुमचं धरण चुन्यातलं किंवा जुन्या सिमेंटचं दगडी बांधकाम असेल तर ही शंका कमी, पण सांडव्याचे खांब काँक्रीटचे असतील तर तिथे नजर ठेवा.

जुन्या कारागिरांनी चुन्यात सुरखी का घातली हेही याच रसायनात आहे. भाजलेल्या विटेच्या पुडीतला सिलिका मोकळ्या चुन्याला बांधून घेतो आणि पाण्यात सहज न विरघळणारी संयुगं तयार होतात. आजची फ्लाय ॲश हेच करते. भंडारदऱ्याजवळच्या घाटघर प्रकल्पातली धरणं रोलर-कॉम्पॅक्टेड काँक्रीटची, देशातली त्या पद्धतीची पहिली, आणि त्यांत सिमेंटपेक्षा फ्लाय ॲश जास्त आहे. तरीही सुरखी काही कवच नव्हे. सुरखी कमी भाजलेली, चुना नीट न मळलेला, दर्जा उघड्या, असं कुठेकुठे होतंच. १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियारमध्ये चुना वाहून जाण्याचा मुद्दा अनेक दशकं गाजतोय. भंडारदरा १९२६ सालचं. १९६९ मध्ये तडे आणि गळती दिसल्यावर तारदोरांनी आणि मागच्या बाजूला टेकू बांधून ते मजबूत करण्यात आलं. तिथला दोष निव्वळ रसायनाचा होता असं कोणी म्हणू नये, ताणाचा आणि वजनाचा हिशेब त्यात मोठा होता. पण हा संबंध लक्षात ठेवा: दगडी धरण आपल्या वजनावर उभं असतं. चुना गेला की वजन थोडं घटतं हा भाग गौण. पाण्याच्या वाटा रुंदावतात आणि आतला वरच्या दिशेचा दाब वाढतो, ते जास्त महत्त्वाचं.

याच कारणाने सगळ्यात घातक प्रकार म्हणजे कार्बोनेटने ड्रेन होल बुजणं. गळती कमी झाली म्हणून शाखेत समाधान, आणि आत दाब चढलेला. ड्रेनची गळती घटत असताना जवळच्या दाबमापकाचं वाचन वाढत असेल तर त्याच आठवड्यात ड्रेन साफ करून घ्या, रॉड घालून नुसतं खरवडणं नको, ड्रिलने पूर्ण खोलीपर्यंत. नारिंगी-तपकिरी चिकट गाळ दिसला तर तो लोहजीवाणूंचा. तोही ड्रेन तसाच बुजवतो. दुसरं म्हणजे मागच्या तोंडावर, जलाशयाच्या उलट बाजूला, ओल दिसते म्हणून तिथे सिमेंटचं पॉइंटिंग करून, म्हणजे दर्जा सिमेंटने लिंपून, ती झाकण्याचा मोह. एका धरणावर मी हे पाहिलंय: पावसाळ्यापूर्वी मागचा भाग छान करडा, गुळगुळीत, फोटो काढण्यासारखा, सप्टेंबरात तेच पॉइंटिंग पापुद्र्यांसारखं सुटलेलं आणि ओल आणखी वर चढलेली. पाणी आत येतं ते समोरून. दर्जा भरायच्या तर जलाशयाच्या बाजूने, पातळी खाली असताना, एप्रिल-मेमध्ये. आतलं ग्राउटिंग करायचं असेल तर ड्रेनच्या रांगेच्या पुढे, म्हणजे जलाशयाच्या अंगाला, आणि ग्राउट ड्रेनमध्ये शिरणार नाही याची राखण करत.

आता फवारण्यांबद्दल. निफाड-दिंडोरीकडे हा समज सगळीकडे आहे, पण गणित जमत नाही. सल्फेटमुळे सिमेंट खराब होतं हे खरं. सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी त्याचा संयोग होऊन फुगणारे स्फटिक तयार होतात. भारतीय काँक्रीट संहितेत भूजलातल्या सल्फेटची पहिली, सगळ्यात सौम्य पायरीच लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंतची आहे, आणि सह्याद्रीतून भरणाऱ्या जलाशयाचं पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. बोर्डो मिश्रणातला मोरचूद किंवा गंधकाची भुकटी जलाशयात इतकी पातळ होते की काँक्रीटला त्याचा पत्ताही लागत नाही. माशांना, पिणाऱ्यांना त्रास होऊ शकतो, तो विषय वेगळा. जाता जाता, त्याच संहितेत काँक्रीट कालवायच्या पाण्यासाठी पीएच किमान ६ वगैरे मर्यादा आहेत. त्या मिक्सरमध्ये घालायच्या पाण्यासाठी आहेत. वर्षानुवर्षं बांधकामाला लागून असणाऱ्या पाण्याला त्याच लावून ‘समाधानकारक’ लिहिणारे रिपोर्ट मी बरेच पाहिलेत.

घाण पाण्याचा खरा त्रास लोखंडाला. नाशिक शहराच्या खाली गोदावरीचं पाणी जिथे अडतं, नांदूर मधमेश्वरसारख्या ठिकाणी, तिथे सांडपाणी, जलपर्णी आणि तळाशी प्राणवायूचा अभाव असं एकत्र येतं. तळाचा विमोचक उघडला की सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. दरवाजाच्या मागच्या ओलसर, हवा लागणाऱ्या भागात जीवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि पोलाद व काँक्रीट दोन्ही खाल्लं जातं. वरच्या अंगाच्या धरणांत हे कमी, पण खोल जलाशयात उन्हाळ्याअखेर तळाचं पाणी तिथेही कुबट होतं. दरवाजाच्या रंगकामाचा निर्णय वरून दिसणाऱ्या रंगावर घेऊ नका, सीलच्या मागे हात घालून बघा.

मातीच्या भरावाकडे लोक रसायनाच्या नजरेने बघतच नाहीत, आणि माझ्या मते धोका तिथे जास्त आहे. आपल्याकडे हार्टिंग, म्हणजे भरावाचा पाणी अडवणारा गाभा, काळ्या मातीचं. मातीच्या कणांवर सोडियम जास्त असेल तर ती पाण्यात फुटते, कण एकमेकांना सोडून तरंगू लागतात. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. चोपण जमिनीत साचलेलं पाणी आठवडाभर गढूळ राहतं आणि वाळलं की नांगर शिरत नाही, हे त्याने पाहिलेलं असतं. पूर्वेकडच्या तालुक्यांत कालव्याच्या लाभक्षेत्रात अशी माती पुष्कळ. भरावासाठी ती आणली गेली असेल तर ती कोरडी, घट्ट दाबलेली असताना छान दिसते. गंमत अशी की पाण्यात क्षार भरपूर असतील तर हीच माती गप्प बसते. गोडं, क्षार नसलेलं पाणी आलं की फुटते. म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्ये ज्या गोष्टीचं कौतुक आहे, तीच गोष्ट चुन्यालाही आणि चोपण मातीलाही नको असते.

उन्हाळ्यात पातळी खाली गेली की भरावाचा वरचा भाग वाळतो, काळी माती भेगाळते. जुलैत दोन-चार दिवसांत जलाशय चढला की पाणी त्या भेगांत शिरतं. चांगली माती फुगून भेग बंद करते. सोडियमयुक्त माती फुगण्याआधीच विरघळल्यासारखी वाहते आणि भेगेचं भुयार होतं. मागच्या उतारावर पावसाने पडलेल्या खड्ड्यांत, वर लहान तोंड आणि खाली रुंद पोकळी दिसली, तर आधी ही शंका घ्या. साधी परीक्षा हाताशी आहे: भरावातून ओल न घालवता काढलेला बोराएवढा ढेकूळ काचेच्या पेल्यात शुद्ध पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. दहा मिनिटांत तो नुसता ढासळून ढीग झाला आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर ठीक. ढेकळाभोवती धुकं पसरलं आणि ते तळावर सरकू लागलं, तर नमुने पिनहोल आणि दुहेरी हायड्रोमीटर चाचणीला पाठवा. तीच परीक्षा जलाशयाच्या पाण्यातही करा, कारण प्रत्यक्षात तेच पाणी भेटणार आहे. पेल्यात धुकं दिसलं नाही म्हणून माती निर्दोष ठरत नाही, दिसलं तर मात्र दुर्लक्ष करण्यासारखं काही उरत नाही. इलाज वाळूच्या फिल्टरचा. नव्या भरावात जिप्सम किंवा चुना मिसळता येतो, जुन्याच्या पोटात तो घालता येत नाही.

टो ड्रेनच्या, म्हणजे भरावाच्या पायथ्याशी पाझर गोळा करणाऱ्या चराच्या, पाण्यालाही हाच न्याय. गढूळपणा डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नका. जलाशयाची आणि टो ड्रेनची वाहकता शेजारीशेजारी लिहीत जा. पाझर पूर्वी हळू येत होता तेव्हा टो ड्रेनची वाहकता जलाशयापेक्षा बरीच जास्त असायची. ती घसरत जाऊन जलाशयाएवढी झाली आणि पाण्याचं तापमानही जलाशयाच्या मागोमाग बदलू लागलं, तर पाण्याला थेट वाट सापडली आहे. हे सांगणारं यंत्र खिशात मावतं आणि चौकीदारालाही वापरता येतं.

दिंडोरी रोडवर मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि धरण सुरक्षितता संघटना दोन्ही तुमच्या दाराशी आहेत, महाराष्ट्रातल्या इतर कोपऱ्यांतल्या अभियंत्यांना हे सुख नाही. पण तिथे जाताना हातात एक रिपोर्ट घेऊन जाऊ नका. मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर अशा दोन्ही वेळचे, किमान दोन वर्षांचे, खंडवार गळतीचे आकडे घ्या. प्रत्येकाशेजारी त्या दिवशीची जलाशय पातळी, पीएच, वाहकता, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि दोन्ही अल्कधर्मिता. गेल्या वर्षांची निरीक्षण रजिस्टरं उपविभागात कुठल्या तरी कपाटात असतील, ती आधी शोधा. मला पुन्हा लिहाल तेव्हा सगळ्यात जास्त गळणाऱ्या खंडाचा क्रमांक, तो कुठल्या वर्षी आणि कशाने बांधला, आणि तिथे ग्राउटिंग झालं असेल तर कधी, एवढं नक्की कळवा.